मोठ्या स्क्रीनचा फोन पारखायचा कसा: पट्टी, काटा, वही आणि अकोल्याचं ऊन

अकोल्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून मी काउंटरवर बसले, त्याला बारा वर्षं झाली. मी फोन विकत नाही, उघडते. गेली पाच वर्षं त्याच फोनांची परीक्षणं मराठीत लिहितेय. त्यांत मोठ्या स्क्रीनचे फोन जास्त, कारण माझ्याकडे येणारा माणूस तोच मागतो. ज्याला बारीक दिसत नाही, ज्याचं सगळं काम फोनवरच चालतं, ज्याच्या घरात कॉम्प्युटर नाही, त्याला मोठी स्क्रीन हवी असते.

सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली आणि पुढची सगळी पद्धत तिच्यातून आली. डिसेंबरात एक मोठा फोन हाती आला, मी तो तीन दिवस वापरला, "उन्हातही स्पष्ट दिसतो" असं लिहून मोकळी झाले. ते वाचून एका निवृत्त गुरुजींनी तो फोन घेतला. एप्रिलच्या शेवटी ते दुकानात आले आणि म्हणाले, "पोरी, हा उन्हात आंधळा होतो." मी त्यांच्यासोबत दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. सहा-सात मिनिटांत फोन तापला आणि स्क्रीन स्वतःहून मंद झाली. ब्राइटनेस पूर्ण वर असूनही नंबर दिसेना. फोनमध्ये बिघाड नव्हता. आतलं तापमान वाढलं की स्क्रीन आणि बॅटरी वाचवायला फोन उजेड कमी करतो. डिसेंबरातल्या सकाळी हे मला कळणार कसं? पण गुरुजींचे पैसे माझ्या वाक्यावर गेले होते. तेव्हापासून पंधरा दिवसांच्या आत मी एकाही फोनवर लिहिलेलं नाही.

तुम्हाला परीक्षण लिहायचं असेल किंवा घरच्या कुणासाठी फोन नीट पारखून घ्यायचा असेल, तर महागडी यंत्रं लागत नाहीत. सहा इंची स्टीलची पट्टी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक वही, दुसरा कुठलाही फोन आणि दोन-तीन माणसं एवढं पुरतं. माणसं मात्र वेगवेगळ्या वयांची आणि वेगवेगळ्या हातांची हवीत.

आधी इंच बाजूला ठेवा

खोक्यावरचा इंचांचा आकडा म्हणजे कर्णाचं माप, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. स्क्रीन जितकी उंच आणि सडपातळ, तितकी त्याच कर्णात जागा कमी. शाओमीचा मी मॅक्स २०१६ साली आला तो ६.४४ इंचांचा, १६:९ प्रमाणाचा होता. त्याच्या स्क्रीनचं क्षेत्रफळ साधारण १७.७ चौरस इंच भरतं. आजचा २०:९ प्रमाणाचा ६.७ इंची फोन घ्या, तो भरतो १६.८. म्हणजे आकडा वाढला आणि काच कमी झाली. त्या ६.७ इंची फोनवर १६:९ चा व्हिडिओ लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र उरतं ५.६ इंचांचं. क्रिकेटची मॅच पाहण्यासाठी मोठा फोन घेणाऱ्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

वाचणाऱ्यासाठी तर रुंदी जास्त महत्त्वाची. सॅमसंगने २०११ साली पहिला गॅलॅक्सी नोट आणला, तेव्हा त्याचे ५.३ इंच लोकांना अवाढव्य वाटले होते. पण त्याची स्क्रीन ७१ मिलिमीटर रुंद होती, आणि आजच्या ६.७ इंची फोनची जेमतेम ७० असते. एका ओळीत किती मराठी शब्द मावणार हे रुंदी ठरवते, उंची नाही. उंची वाढल्याने ओळी वाढतात, शब्द नाही. म्हणून पट्टी घ्या, उजळ भागाची रुंदी मोजा आणि परीक्षणात मिलिमीटरमध्ये लिहा.

आता संपूर्ण फोनची रुंदी मोजा. पहिला नोट ८३ मिलिमीटरचा होता, मी मॅक्स ८८.३ चा. २०१४ चा आयफोन ६ प्लस ७७.८, २०२४ चा गॅलॅक्सी एस२४ अल्ट्रा ७९. हे आकडे एकट्याने काहीच सांगत नाहीत, जोपर्यंत हात कुणाचा हे तुम्ही सांगत नाही. माझा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटिमीटर आहे. प्रत्येक परीक्षणाच्या सुरुवातीला मी हे लिहिते. साडेएकोणीस सेंटिमीटरचा हात असलेला माणूस "एका हाताने आरामात वापरता येतो" असं लिहितो, ते वाचून अंगणवाडीतली ताई तो फोन घेते आणि मग दिवसभर पोषणाच्या नोंदी भरताना तिचा अंगठा आखडतो. अशा बायका माझ्या काउंटरवर येतात. फोन चांगला असतो, पण तो त्यांच्या हाताचा नसतो.

अंगठ्याची पोच अशी पाहा. फोन नेहमीसारखा एका हातात धरा, पकड न बदलता अंगठा जिथवर जातो तिथवर चित्र काढायच्या ॲपमध्ये रंग भरत जा. जो भाग कोरा राहील तो तुमच्या हातासाठी दोन हातांचा भाग. मग वरून खाली नोटिफिकेशन ओढून पाहा, कीबोर्डवरचं पलीकडच्या टोकाचं अक्षर दाबून पाहा. बहुतेक फोनांत एकहाती वापराची सोय असते, तिच्यात सगळी स्क्रीन खाली सरकते. ती सुरू करून एक पूर्ण दिवस वापरा. काही फोनांत ती चुकून सारखी लागते आणि चिडचिड होते.

मग काटा. नुसता फोन, कव्हरसकट, आणि कव्हर-टफनसकट अशी तीन वजनं घ्या. आयफोन ६ प्लस १७२ ग्रॅमचा होता, एस२४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा आहे. जाड रबरी कव्हर चढलं की त्यात आणखी तीस-चाळीस ग्रॅम सहज वाढतात, आणि आपल्याकडे कव्हराशिवाय फोन वापरणारा माणूस मला क्वचितच भेटतो. म्हणून नुसत्या फोनच्या वजनाला मी फार किंमत देत नाही. वजन कुठे आहे तेही पाहा. टेबलावर पेन्सिल आडवी ठेवा, तिच्यावर फोन आडवा तोला आणि तोल कुठे सापडतो ते पट्टीने मोजा. कॅमेऱ्याचा उंचवटा जड असला की तोल वरच्या बाजूला सरकतो. असा फोन आडवं पडून वाचताना तोंडावर येतो, आणि उभं धरून वाचताना सगळा भार करंगळीवर. वीस मिनिटं घड्याळ लावून एका हातात वाचत बसा. करंगळीवर वळ उठला तर तसं लिहा. वाचणाऱ्याला यातलं काहीच दुकानात उभ्या उभ्या कळत नाही.

टेबलावर सपाट ठेवून टाइप करा. उंचवटा एका कोपऱ्यात असेल तर फोन डुगडुगतो. हिशेब लिहिणाऱ्या दुकानदाराला याचा रोज त्रास होतो.

काचेबद्दल थोडं धंद्याचं सांगते. कडक काचेवरही कडकपणाच्या मोह्स मापनाच्या सहाव्या पायरीपासून ओरखडे येऊ लागतात. किल्ल्या आणि नाणी सहसा त्याहून मऊ असतात, पण वाळूतलं क्वार्ट्झ सातवर आहे. त्यामुळे किल्ल्यांना घाबरू नका, पण शेतातून आल्यावर खिसा झटका. काच वळवलेली असेल तर साधा टफन कडांवर बसत नाही, आत हवा राहते आणि तिथेच टच मार खातो. आणि परीक्षण लिहिण्याआधी एक कॉल नक्की करा: त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा की फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून येतो तो सुटा भाग, केवढ्याला पडतो. तो आकडा फोनच्या किमतीशेजारी लिहा. मोठ्या स्क्रीनचा फोन पडला की स्क्रीन फुटण्याचीच शक्यता जास्त, आणि फोनची जवळपास अर्धी किंमत फोल्डरलाच लागू शकते हे लोकांना फोन फुटल्यावर समजतं. पाण्याचं म्हणाल तर आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्याला टिकण्याचं मानांकन, छापलेलं असलं, तरी पाणी गेलेला फोन वॉरंटीत सहसा बसत नाही. अटी वाचूनच लिहा.

स्क्रीन: सातबाऱ्यापासून सुरुवात करा

परीक्षणांत स्क्रीनबद्दल बहुधा एखाद्या चकचकीत व्हिडिओवरून लिहिलेलं असतं. नदी, डोंगर, रंगीत पक्षी. हे व्हिडिओ कुठल्याही फोनवर छानच दिसतात. मी सातबारा उघडते.

सातबारा उताऱ्याची पीडीएफ, न मोठी करता, पूर्ण पान स्क्रीनवर. गट क्रमांक वाचता येतो का? क्षेत्राच्या रकान्यातले हेक्टर-आर? इतर हक्कांतल्या बारीक ओळी? कापसाच्या पट्ट्यातला शेतकरी फोनवर काय मोठं करून पाहतो तर हेच. चांगल्या मोठ्या स्क्रीनवर एकदाच बोटांनी ताणून काम होतं, वाईटावर डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं आणि ओळ चुकते.

यामागचं गणित सोपं आहे. ६.७ इंचांत १०८० × २४०० ठिपके असले तर इंचाला सुमारे ३९३ येतात. त्याच आकारात ७२० × १६०० असले तर २६२. नजर चांगली असलेला माणूस तीस सेंटिमीटरवरून इंचाला साधारण २९० ठिपके वेगळे ओळखू शकतो. म्हणजे ७२० ची मोठी स्क्रीन ही बरोबर त्या रेषेच्या खाली पडते. इंग्रजी अक्षरांत ते फारसं खुपत नाही, कारण त्यांत एकावर एक रचना नाही. देवनागरीत खुपतं. मी एक चिठ्ठी करून ठेवली आहे: उद्ध्वस्त, वाङ्मय, विठ्ठल, द्वंद्व, दुसऱ्या, शृंगार, राष्ट्र. हे शब्द सगळ्यात लहान फॉन्टमध्ये उघडायचे आणि दुसऱ्यातला अर्धा र, अनुस्वार, ट्र खालचा काकपद सुटे दिसतात का ते पाहायचं. ॲमोलेड, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा स्क्रीनवर आणखी एक बाब असते. तिच्यातल्या बहुतेकींत प्रत्येक ठिपक्याला तीनऐवजी दोनच रंगांचे दिवे असतात, शेजाऱ्याशी वाटून घेतलेले. त्यामुळे कमी ठिपक्यांच्या ॲमोलेडवर बारीक अक्षरांच्या कडांना हिरवट-जांभळी झाक येते. भिंग असेल तर भिंगातून पाहा, फोटो काढून ठेवा.

मग फॉन्ट सगळ्यात मोठा करा, डिस्प्ले साइजही मोठी करा, फोनची भाषा मराठी करा आणि बँकेचं ॲप उघडा. माझ्या आईसाठी फोन घेतला तेव्हा मी हे केलं नव्हतं. तिने अक्षर मोठं केल्यावर पैसे पाठवायच्या पानावरचं खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं, आणि ती दोन दिवस "पैसे जातच नाहीत" म्हणत राहिली. मोठी स्क्रीन घेणारे निम्मे लोक अक्षर मोठं करण्यासाठीच ती घेतात, आणि परीक्षण लिहिणारा ती कारखान्यातून आलेल्या फॉन्टवर पारखतो. असं करू नका. मराठीत मेन्यूतले शब्द लांब होतात, तेव्हा कुठे तीन टिंबं येऊन शब्द कापला जातो ते टिपा.

उन्हाची चाचणी. भर दुपारी थेट उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप). कंपनी सांगते तो निट्सचा, म्हणजे स्क्रीनच्या स्वतःच्या उजेडाचा, सर्वोच्च आकडा बहुधा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. पूर्ण पांढऱ्या पानावर तेवढा उजेड मिळत नाही. आणि दुप्पट आकडा डोळ्यांना दुप्पट वाटत नाही. मी असं करते: ऑटो ब्राइटनेस सुरू ठेवायचा, कारण पुष्कळ फोनांत उन्हातला जादा उजेड तो सुरू असतानाच लागतो. दुपारी एक वाजता बाहेर उभं राहायचं, मॅपवर रस्ता लावायचा, हॉटस्पॉट सुरू करायचा आणि दर पाच मिनिटांनी तेच पांढरं पान उघडून वाचायचं. अर्धा तास. किती मिनिटांनी स्क्रीन मंदावली, मॅपचा आवाज अडखळला का, कॅमेरा उघडायला नकार देतो का, हे वहीत. ॲपलने आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलेलं आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे कागदावर पाहिलं तर आमच्याकडे उन्हाळाभर दुपारी फोन बाहेर वापरायलाच नको, पण डिलिव्हरीवाला पोरगा काय करेल? तो फोन हँडलवर लावून, उन्हाकडे तोंड करून दिवसभर फिरतो. हिवाळ्यात परीक्षण लिहित असाल तर तसं स्पष्ट लिहा, आणि उन्हाळ्यात परत येऊन भर घाला. अर्ध्या तासापलीकडे फोन उन्हात ठेवू नका, आणि लगेच चार्जिंगला किंवा फ्रिजमध्ये तर मुळीच नको. सावलीत गार होऊ द्या.

गॉगल वापरत असाल तर तो घालून फोन उभा-आडवा फिरवा. पोलराइज्ड काचांतून काही स्क्रीन एका कोनात काळ्या पडतात.

रात्रीची चाचणी मी कधीच चुकवत नाही. खोलीतला दिवा बंद, ब्राइटनेस तळाला, आणि अर्धा तास वाचन. ॲमोलेडवर उजेड कमी करण्यासाठी बहुतेक फोन दिवे फार वेगाने उघडझाप करतात. काही फोन दर सेकंदाला २४० वेळा, काही दोन-तीन हजारांहून जास्त. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. माझं दुखतं. ओळखायचं असं: दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघडून शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान करा आणि मंद स्क्रीनकडे रोखा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर उघडझाप संथ आहे. पट्टे बारीक आणि फिके असतील तर त्रास कमी. त्याच अंधारात करड्या रंगाच्या पानावर काळं चित्र सरकवून पाहा. मागे जांभळट शेपूट राहत असेल तर तेही लिहा.

रंगांबद्दल थोडक्यात. फोन बहुधा भडक रंगांवर येतो. सेटिंगमध्ये नॅचरल करा, खिडकीतल्या उजेडात कोरा कागद शेजारी धरा, पांढरं किती निळं किंवा पिवळं आहे ते दिसेल. फोन तिरपा करा, हिरवट झाक येते का पाहा.

आता तो १२० हर्ट्झचा शब्द. साठ हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, एकशेवीसवर ८.३ नी. मोठ्या स्क्रीनवर हा फरक खरंच जाणवतो, कारण सरकणारा मजकूर जास्त अंतर कापतो. पण प्रत्येक ॲपमध्ये १२० मिळतंच असं नाही. अबाउट फोनमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन उघडतो, त्यात रिफ्रेश रेट दाखवायची सोय आहे. ती सुरू करा आणि तुमची रोजची पाच-सहा ॲप फिरा. कोपऱ्यातला आकडा कुठे ६० वर येतो ते टिपा. तपासून झाल्यावर ते सगळं बंद करा.

रोजचं काम, रोजच्या माणसांकडून

बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या ॲपचे, लाखांतले आकडे मी देत नाही. नव्या, रिकाम्या फोनवर सगळं पळतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या "हँग होतो" म्हणणाऱ्या फोनांत एकही रिकामा नसतो. लग्नाचे फोटो, सुप्रभातच्या चित्रांचे हजारो मेसेज, भजनांचे व्हिडिओ यांनी तो गळ्यापर्यंत भरलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी जुन्या फोनमधला सगळा पसारा नव्यात ओतते, ऐंशी टक्के स्टोरेज भरेपर्यंत. मगच वापर सुरू. स्वस्त फोनांतलं ईएमएमसी हे संथ प्रकारचं स्टोरेज अशा वेळी थकतं आणि यूएफएस हे वेगवान प्रकारचं बरंच टिकून राहतं. खोक्यावर यातलं काय आहे ते शोधा. तिथे नसेल तर कंपनीला विचारा.

रॅमची चाचणी: मेसेजचं ॲप, बँक, मॅप, कॅमेरा, ब्राउझर, बातम्या, गाणी, सातबाऱ्याची पीडीएफ अशी आठ ॲप ओळीने उघडा आणि पहिल्यावर परत या. जिथे सोडलं होतं तिथेच उघडतं की नव्याने सुरू होतं? अर्धवट भरलेला फॉर्म पुसला जातो का? हा प्रश्न आशाताईंना, विमा एजंटला, कुणालाही विचारा, त्यांच्यासाठी वेगाचा अर्थ हाच आहे. "८ अधिक ८ जीबी" असं लिहिलेलं असेल तर दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. ते खऱ्या रॅमइतके वेगवान नसतात.

बोटाचा ठसा. हे मी सगळ्यात जास्त माणसांवर करून पाहते. कापूस वेचणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, सिमेंटचं काम करणाऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. माझ्या हातावर सोल्डरिंगचे डाग आहेत, मलाही त्रास होतो. प्रत्येकाकडून वीस वेळा उघडून घेते आणि किती वेळा उघडला ते लिहिते. कोरडी बोटं, ओली, पीठ लागलेली. ठसा स्क्रीनखाली असेल तर तो किती खाली आहे तेही मोजा. मोठ्या फोनात तो फार खाली असला, तर अंगठा वाकवताना फोन निसटतो. टफन लावल्यावर चाचणी परत करा, कारण जाड काचेने स्क्रीनखालचा ठसा बिघडतो आणि हे कुणी लिहित नाही.

कॉल करा, चक्क. मोठ्या फोनमध्ये कान बरोबर स्पीकरवर बसतो का? काही फोनांत कानाजवळ फोन नेल्याचं ओळखणारा वेगळा सेन्सर नसतो, ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलेलं असतं. मग बोलता बोलता स्क्रीन उजळते, गाल लागतो आणि कॉल म्यूट होतो. दहा-दहा मिनिटांचे पाच कॉल, त्यातला एक बाजारातल्या गोंगाटात. तुमचा आवाज पलीकडे कसा जातो ते पलीकडच्यालाच विचारा. आडवा धरून व्हिडिओ पाहताना तळहाताने स्पीकर झाकला जातो का तेही पाहा. व्हिडिओचं आणखी एक: वाइडवाइन एल१ (चित्रपटांची चोरी रोखणाऱ्या कुलपाची वरची पातळी) नसलेल्या फोनवर पैसे भरून घेतलेले चित्रपट कमी दर्जाचे, साधारण ४८० रेषांचे येतात. लहान स्क्रीनवर ते झाकून जातं, मोठ्यावर पहिल्या मिनिटाला दिसतं.

दोन ॲप एकत्र उघडून पाहा. वर व्हिडिओचा तास, खाली वही. मोठी स्क्रीन घेण्याचं हे सगळ्यात चांगलं कारण असू शकतं. माझी भाची दहावीचं गणित अशीच शिकली. पण कीबोर्ड वर आला की वरच्या खिडकीत काय उरतं ते पाहा. उंच स्क्रीनचा फायदा इथे खरा कळतो, आणि इथे मी माझ्या रुंदीच्या आग्रहाला मुरड घालते.

बॅटरीसाठी सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि रात्री नऊ, असे चार आकडे रोज. झोपताना एक, उठल्यावर एक. रात्रभरात किती गेलं यावरून आत काय काय उगाच चालू आहे ते कळतं. पहिले तीन दिवस धरू नका, तेव्हा फोन जुने फोटो लावत बसलेला असतो. चार्जिंग एकदा पंख्याखाली आणि एकदा दुपारच्या तापलेल्या खोलीत मोजा. पुष्कळ फोन तापले की चार्जिंगचा वेग उतरवतात, आणि जाहिरातीतली मिनिटं थंड खोलीतली असतात.

किरणांबद्दल लोक हमखास विचारतात, तर डायल करून *#०७# टाका, एसएआर, म्हणजे शरीर फोनच्या लहरींची किती ऊर्जा शोषतं याचा आकडा, दिसेल. भारतात किलोला १.६ वॉट ही मर्यादा आहे. अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीच्या लेखी शब्दांतच उतरवा, दुकानदाराच्या नाही.

लिहिताना

फोन स्वतः घेतला, उसना आणला की कंपनीने पाठवला, हे पहिल्या तीन ओळींत यायला हवं. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी तसे नियमच केले, पण नियम नसते तरी गुरुजींसारख्या माणसाला ते कळायलाच हवं. कंपनीचा दावा आणि तुमचं मोजमाप एकाच वाक्यात मिसळू नका. "कंपनी म्हणते" आणि "मी पाहिलं" हे वेगळे ठेवा. "जबरदस्त", "भन्नाट" हे शब्द मी वहीतच खोडते आणि त्या जागी काय घडलं ते लिहिते. "स्क्रीन जबरदस्त" खोडलं आणि "सातबाऱ्यातला गट क्रमांक चष्म्याशिवाय वाचला" असं लिहिलं, की वाचणारा आपला निर्णय आपण घेतो. दहापैकी गुण द्यायचं मी सोडून दिलं आहे. त्याऐवजी हा फोन कुणी घ्यावा आणि कुणी मुळीच घेऊ नये, अशी दोन माणसं डोळ्यांसमोर आणून लिहिते.

तेराव्या दिवशी फोन आईकडे जातो. ती त्रेसष्ट वर्षांची आहे, चष्मा लावून साधारण हातभर लांबून वाचते. मी तिला काहीही शिकवत नाही, शेजारी बसून फक्त टिपते. कुठे थांबली, कुठे दोनदा दाबलं, कुठे "हे कुठे गेलं?" म्हणाली. मागच्या महिन्यातला फोन तिने दोन दिवसांनी परत दिला आणि म्हणाली, "अक्षर छान आहे गं, पण हा मला झोपून धरवत नाही." काट्यावर तो कव्हरसकट २५१ ग्रॅम भरला होता. परीक्षणाची पहिली ओळ मी तिचीच घेतली, आकडा दुसऱ्या ओळीत.